करंटआक्का

करंटआक्काच्या गळ्यात बल्ब असायचा. जीपच्या मागच्या लाइटीत असतो तसला साधा बारा व्होल्टचा बल्ब, होल्डरमध्ये बसवलेला, त्याला दोन लांब वायरी आणि वायरींच्या टोकांना दातेरी चिमटे. या वस्तूला टेस्ट लॅम्प म्हणतात. डॉक्टर लोक नळी अडकवतात तसा ती तो गळ्यात अडकवून गेवराईच्या हायवेकडेला आपल्या टपरीसमोर उभी असायची. दिवस कलताना लांबून येणाऱ्या एखाद्या गाडीच्या नुसत्या लाइटीकडं बघायची आणि म्हणायची, "ह्याची बॅटरी नको तितकी चार्ज होतीय. बल्ब उडाय लागले असतील. येतंय बघ आपल्याकडंच." आणि ती गाडी खरोखर वेग कमी करून तिच्याच टपरीसमोर थांबायची. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळं कुणी विश्वास ठेवो न ठेवो, मला फरक पडत नाही.

नवरा वारला तेव्हा भावकीतल्या बायांनी रिवाजाप्रमाणं तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून घेतलं. दिवसकार्य उरकल्यावर ती टपरीवर गेली, कुलूप काढलं, खिळ्याला लटकत असलेला नवऱ्याचा टेस्ट लॅम्प उचलला आणि गळ्यात घातला. कुणी बोललंच तर ती एवढंच म्हणायची, "मोकळा गळा मला गार लागतो." काम ती नवऱ्याच्या हयातीतच शिकली होती. तो गाडीखाली डोकं घालायचा आणि ही वर बसून चावी फिरवायची, लाइट लावायची, हॉर्न दाबायची. बघता बघता तिला त्याच्यापेक्षा जास्त कळायला लागलं, असं त्यानंच मला एकदा स्टँडवर सांगितलं होतं. तिचं खरं नाव काय होतं, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. आम्हा काळी-पिवळी जीपवाल्यांना ती करंटआक्काच होती.

आता गरीब, सोशिक, खाली मान घालून काम करणारी बाई तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल तर तिला आधी बाहेर काढा. आक्का स्वतःची तारीफ स्वतःच करायची आणि अगदी मन लावून करायची. "बीडपासून आष्टीपर्यंत फिरून ये, माझ्यासारखा हात न्हाई गावायचा," हे तिचं नेहमीचं. 'बे' हा शब्द आमच्याकडं बाप्यांनी बाप्यांना म्हणायचा, पण ती तो सगळ्यांना लावायची. एकदा एक बडा बागायतदार आपली नवीकोरी गाडी घेऊन आला. गाडीला दहा ठिकाणी रंगीत लाइटी, डिकीत मोठाले स्पीकर, चार सुरांचा हॉर्न. आक्का गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "काय बे, गाडी घेतली का लग्नाचा मांडव? एवढ्या जणांना खाऊ घालायचं म्हणजे बॅटरीनं जीव द्यायचा का?" बागायतदार हसला आणि मुकाट्यानं अर्ध्या लाइटी उतरवून गेला. तिच्या बोलण्याचा राग कुणाला यायचाच नाही, कारण पुढच्या मिनिटाला ती त्या गाडीच्या पोटात दोन्ही हात घालून बसलेली असायची.

मी तिच्याकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होतो, गेवराई ते चकलांबा. हेडलाइट लागत नव्हती. तिनं मला विचारलं, "घरातल्या बल्बाला वायरी किती?" मी म्हटलं, दोन. "गाडीच्या बल्बाला?" मी वाकून बघितलं. एकच दिसत होती. "मग दुसरी कुठं गेली?" मी इकडं तिकडं बघायला लागलो तसा तिनं बॉनेटवर पंजा आपटला. "ही काय दुसरी. ही अख्खी गाडीच दुसरी वायर हाय. करंट बॅटरीतून तारेनं निघतो, बल्ब पेटवतो आन् ह्या पत्र्यातनं चालत घरला येतो. घरला आला तरच बल्ब पेटतो. जाताना समद्यांना दिसतो, येताना कुणी बघत न्हाई."

मला त्या दिवशी काय वाटलं ते सांगायचं म्हणजे कठीण आहे. इतकी वर्षं मी जीप चालवत होतो, दाबून दाबून पॅसेंजर भरत होतो, टपावर कोंबड्यांच्या पाट्या आणि खताची पोती चढवत होतो. आणि आम्ही सगळे जण, कोंबड्यांसकट, एका वायरीत बसून चकलांब्याला जात होतो. मी हळूच पत्र्याला हात लावून पाहिला. आक्का हसली आणि म्हणाली, "भिऊ नको. बाराचा हाय, चावत न्हाई." त्यानंतर मी मोकळा असलो की तिच्या टपरीवर जाऊन बसायला लागलो. चहा माझा, ज्ञान तिचं.

फ्यूज या वस्तूबद्दल तिला फार माया होती. आमच्या स्टँडवर एक रीत होती. फ्यूज जळाला की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायचा आणि तिथं खोचायचा. गाडी चालू. असा कागद सापडला की आक्का तो चिमटीत धरून त्या ड्रायव्हरच्या नाकासमोर न्यायची. "हे काय लावलंस? फ्यूज जळला म्हून त्याला शिव्या देतोस व्हय? तो जळला म्हून वायर वाचली. वायर वाचली म्हून तू वाचलास. तुझ्या जागी गेलाय तो." मग जळका फ्यूज तळहातावर घेऊन त्यातली तुटलेली बारीक पट्टी ती मला दाखवायची. एवढीशी पट्टी, पण अख्ख्या गाडीत तीच मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, म्हणजे काही वाईट झालंच तर तिच्यावर व्हावं. हे ज्यानं शोधून काढलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं, असं ती म्हणायची. मला तिच्याच पाया पडावंसं वाटायचं, पण ती पाय ओढून घेईल आणि वर दोन शब्द ऐकवील, म्हणून मी गप्प बसायचो.

ती चुकायची नाही असं मात्र नाही. एकदा एका ट्रॅक्टरचा अल्टरनेटर गेला, असं तिनं ठणकावून सांगितलं, नवा बसवला, तरी बॅटरी चार्ज होईना. दोष निघाला बाजूच्या एका सैल चिमट्यात. तिनं नवा अल्टरनेटर उतरवला, जुना पुन्हा जागेवर चढवला आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. उन्हं उतरल्यावर मला म्हणाली, "घाई झाली दत्ता माझी. समद्यात सोपं ते आधी बघायचं असतं. मी समद्यात मोठं ते आधी बघितलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा बीड-आष्टी आणि माझ्यासारखा हात न्हाई, सगळं चालू.

पुढं कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या. इंजिनात किती डिझेल सोडायचं, किती हवा घ्यायची, सगळं एक डबी ठरवते. जागोजागी सेन्सर, एक उष्णता सांगतो, एक वेग सांगतो, एक पायाखालचा ॲक्सिलेटर किती दाबला ते सांगतो. आम्हाला वाटलं, आता आक्काचं दुकान बसलं. तिनं काय केलं, तर बीडहून एका स्कॅनरवाल्याला दर बाजाराच्या दिवशी टपरीवर बोलवायला सुरुवात केली. तो गाडीला मशिन जोडायचा, स्क्रीनवर आलेलं वाचायचा, आणि आक्का डोळे मिटून ऐकायची. "तू वाच, मी ऐकते," असा दोघांचा करार होता. डबीला दिवसभर हे इवलाले सेन्सर खबरा देतात आणि ती एका क्षणात निकाल लावते, हे त्यानं समजावून सांगितलं तेव्हा आक्का बराच वेळ त्या डबीकडं बघत राहिली. "लई ऐकून घेती की ही," असं म्हणाली. एवढं मोठं कौतुक तिनं माणसाचंही कधी केलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "हिला घरी जायची वाट हाय ना पण?" स्कॅनरवाल्यानं डबीची काळी वायर दाखवली, बॉडीला बोल्टनं आवळलेली. तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

आता माझ्या जीपचं सांगतो. आक्का काय होती ते मला तिथंच कळलं.

माझा बाप ऊसतोडीला गेला असताना फडावरच तापानं गेला. मायनं त्यानंतरही कोयता हातात धरला आणि मला मोठं केलं. माझ्या पोरानं कोयता धरायचा नाही, एवढा एकच ध्यास तिला होता. म्हणून मी स्वतःची जीप घेतली तेव्हा गावात तिच्याइतकं खूश कुणी नव्हतं. पण तिनं त्या जीपला कधी हात लावला नाही. कारण सांगतो. बाप गेल्यानंतर माझ्या चुलत्यानं बैलजोडी आणली होती आणि मायनं हौसेनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं होतं. पोळ्याच्या आत दोन्ही बैल मेले. लोक बोलायचं ते बोलले, आणि मायनं ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून कुणाच्या चांगल्या वस्तूला ती शिवायची नाही. माझी जीप अंगणात उभी असायची आणि माय बाजाराला पायी जायची. मी पुष्कळ डोकं आपटलं. ती म्हणायची, "तुझं पोट हाय ते. मी न्हाई बसायची."

मग आक्काचं तर विचारूच नका. "तुला जायचं तिथं जा, पण जीप त्या बाईच्या टपरीवर न्यायची न्हाई," अशी तिनं मला शपथ घातली होती. मायला आक्काचा राग नव्हता. जे स्वतःला लावलं होतं तेच तिनं आक्कालाही लावलं होतं, दुसरं काही नाही. मी शपथ पाळली. आक्काकडं बसायला मी चालत जायचो, आणि तिनं जीप का आणत नाहीस असं कधी विचारलं नाही. तिला कळलं होतं.

आमच्या घरची एक रीत होती. दर अमावस्येला स्टँडवरचे सगळेच गाडीपुढं नारळ फोडतात, पण मायचं तेवढ्यावर भागायचं नाही. ती दारात उभी राहून सांगायची आणि माझी बायको मंगल करायची. मंगल जीपला हळदकुंकू वाहायची, नारळ फोडायची, मग मी बॉनेट उघडायचं आणि मंगलनं नारळाचं पाणी इंजिनवर ओतायचं. "पोटातनं थंड राहू दे गाडी," माय दारातून म्हणायची. अशा पुष्कळ अमावस्या गेल्या.

आणि जीप वेड्यासारखी करायला लागली. लाइट लावली की टेंपरेचरचा काटा उड्या मारायचा. हॉर्न दाबला की काटा पडायचा. सेल्फ कधी लागायचा, कधी नुसता कण्हायचा. मी एकाकडं बॅटरी बदलली, दुसऱ्याकडं मीटर बदलला, काही फरक नाही. एका एकादशीला नारायणगडाच्या दर्शनाला गेलेल्या बायांना घेऊन गड उतरत होतो. उतारावर ॲक्सिलेटरवरचा पाय काढला, तर गाडी पळतच राहिली. पेडल खालीच अडकलं. इंजिन ओरडतंय, बाया ओरडतायत, ब्रेक तापून वास सुटलाय. मी इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढली आणि जीप एका नांगरलेल्या रानात घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण गावाला काय पाहिजे असतं? चार दिवसांत चकलांब्यापर्यंत झालं, दत्ताच्या जीपला बाधा हाय, ती आपोआप पळती.

पॅसेंजर बसेनात. माय जेवेना. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मोड जीप. भंगारात घाल." मी म्हटलं, मग खायचं काय? ती म्हणाली, "ऊसतोडीचा मुकादम येऊन गेलाय. कोयता हाय की." ज्या बाईनं मला कोयत्यापासून लांब ठेवायला आयुष्य घातलं, तीच हे म्हणत होती. फडावर जायचं म्हणजे मंगलनं मोळ्या वाहायच्या आणि माझ्या पोरीची शाळा सुटायची. मी अंगणात जीपकडं बघत बसलो.

मी शपथ मोडली नाही. जीप टपरीवर नेली नाही. टपरीवर जाऊन आक्काला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मी येते की." दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरून ती आमच्या अंगणात हजर, गळ्यात बल्ब.

माय दारात आडवी उभी राहिली. "बाई, तुमचे उपकार लई. पण तुमी न्हाई हात लावायचा गाडीला. मी बी लावत न्हाई."

"कावून?" आक्कानं सरळ विचारलं.

मायनं नुसतं आपल्या मोकळ्या कपाळाला बोट लावलं.

आक्कानं मान हलवली, जीपकडं गेली आणि बॉनेट उघडलं. बराच वेळ ती नुसती बघत होती. ॲक्सिलेटरची केबल तिनं बोटांत धरली, वरचं प्लास्टिक एका ठिकाणी वितळून आत चिकटलं होतं. तिचा चेहरा बदलला. "दत्ता, इकडं ये. ही केबल मुठीत धर, सोडू नको." मग बल्बाचा एक चिमटा तिनं इंजिनच्या लोखंडाला लावला आणि दुसरा बॉडीच्या पत्र्याला. बॅटरीच्या लाल वायरीजवळ ती गेलीसुद्धा नाही.

"हे दोन्ही बॅटरीच्या घरचेच," ती म्हणाली. "इंजिन बी घरचं, पत्रा बी घरचा. दोघांमधी हा दिवा कधी लागत न्हाई. लागला तर समजायचं, करंट वाट चुकला. आता सेल्फ मारायला कुणी तरी पाहिजे."

मंगल पुढं झाली तशी आक्का म्हणाली, "तू न्हाई. मावशी, तुमी या."

माय दोन पावलं मागं सरली. "मी न्हाई. काय बी झालं तर?"

"जे व्हायचं ते झालंय मावशी. पोराची जीप मोडायचीच हाय ना तुमाला? मग मोडायच्या गाडीला हात लावला तर काय जातंय?" आणि मग जरा हळू, "बॅटरीला कपाळ दिसत न्हाई. मी रोज उघडते, मला माहीत हाय."

मायनं पदर खोचला, पायरीवर पाय दिला आणि जीपमध्ये चढली. माझ्या जीपमध्ये, माझ्या सीटवर, पहिल्यांदा. आक्कानं सांगितलं तशी तिनं चावी फिरवली. सेल्फ कण्हला, आणि त्या दोन लोखंडांच्या मध्ये आक्काच्या हातातला बल्ब पेटला. लालसर, मंद, पण पेटला. माझ्या मुठीतली केबल गरम होत गेली, इतकी की मी हात काढून घेतला. मी रोज त्या केबलवर पाय ठेवून पॅसेंजर नेत होतो.

आक्का वाकली आणि इंजिनच्या खालून तिनं एक तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी ओढली. इंजिन आणि बॉडी जोडणारी, करंटाची परतीची वाट. ती तिच्या हातातच तुटली. हिरवी-पांढरी बुरशी चढलेली, आणि त्यावर हळदकुंकवाचा जाड थर.

"हिच्यातनं जायचं होतं करंटाला," आक्का म्हणाली. "ही कुजली. मग तो दिसंल त्या वाटेनं घरी निघाला. ॲक्सिलेटरची केबल गावली, तिच्यातनं गेला. ती काय त्याच्यासाठी केलेली न्हाई. तापली, आतून वितळली, अडकली. म्हून गाडी पळाली." मग तिनं तो कुंकवाचा थर नखानं खरवडला आणि विचारलं, "नारळाचं पाणी वतता का इंजिनवर?"

मायच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. आक्का खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं, आणि ती खरं बोलली तर माय पुन्हा कधी उभी राहणार नाही, हेही कळत होतं. माय सीटवर बसूनच म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळंच झालं. मीच सांगायची वताया."

"सांगितलं तुमी. वतलं कुणी?"

"मंगलनं."

"ती कोण? सवाष्ण न्हवं का?" आक्कानं मंगलकडं बघितलं. मंगलनं मान खाली घातली. "सवाशिणीनं वतलं, तरी गंजलंच की मावशी. आन् तुमी चावी फिरवली तर बिमारी सापडली. तांब्याला न्हाई कळत पाणी कुणी वतलं. पाणी वतलं की गंजतं, एवढंच त्याला कळतं. माझ्या हातून बी गंजलं असतं, देवाच्या हातून बी गंजलं असतं."

जीपच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. मग मायनं जे विचारलं ते तिनं आयुष्यभर कुणाला विचारलं नव्हतं.

"मग बैलं कावून मेली?"

आक्कानं बल्ब पुन्हा गळ्यात अडकवला. "ते मला न्हाई माहीत मावशी. मी बैलाचं काम करत न्हाई. पण तवा बी कुणी बॉनेट उघडून बघितलं नसंल. नुसतं तुमच्याकडं बघितलं असंल."

माय रडली. स्टिअरिंगवर डोकं टेकून ती इतकी रडली की मला आधी भीती वाटली आणि मग बरं वाटलं. आक्का तोवर काम करत होती. तिनं बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, नवी पट्टी आवळली, केबल बदलली. पुन्हा चिमटे लावले आणि मायला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन झटक्यात लागलं, बल्ब पेटला नाही. निघताना ती मायला म्हणाली, "नारळ फोडा, देवाला पाहिजेच. फकस्त चाकापुढं, मातीत फोडा. मातीला गंज चढत न्हाई."

जीप भंगारात गेली नाही. मुकादम गेला तसा परत आला नाही. पुढच्या बाजाराला मी जीप चालू केली, तर माय पिशवी घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, "आक्काकडं चल. भाकरी घेतलीय तिला." तेव्हापासून दर बाजाराला दोघी टपरीबाहेर जुन्या टायरवर बसून बोलत राहायच्या. काय बोलायच्या ते मला कळलं नाही. मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या.

आक्का गेली ती एका उन्हाळ्यात, टपरीतच, छातीत कळ येऊन. तिच्या भावकीतल्या बाया यायच्या आत माय पोचली. तिला आंघोळ मायनं घातली. मी बाहेर उभा होतो, आणि आत माय तिच्याशी बोलत होती, जिवंत माणसाशी बोलतात तशी. मला वाटतं, आक्कामुळं मला विजेचं जे कळलं ते कधीतरी पुसून जाईल, वय झालं की सगळंच पुसतं. पण लोखंडासारखं निर्विकार राहून एका माणसाला दोषातून सोडवता येतं, हे मी जे पाहिलं ते माझ्यापासून जाणार नाही. देव मी पाहिलेला नाही. आक्काला पाहिलं आहे.

आता जीप विकून मी नवी गाडी घेतली आहे, कॉम्प्युटरवाली. ती आणली त्या दिवशी गल्ली जमली. मंगलनं ओवाळलं, नारळ फुटला, आणि मी चावी मायच्या हातात दिली. पहिला सेल्फ तिनंच मारायचा, हे घरात ठरलेलंच होतं. मायनं चावी घेतली आणि गर्दीकडं बघितलं. समोरच्या घराच्या भिंतीआड मीरा उभी होती, माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ गेल्याला फार दिवस झाले नव्हते. पोर अर्धी दिसेल अशी उभी होती, बघायचंय पण दिसायचं नाही अशी.

"मीरे," मायनं हाक मारली. "इकडं ये. गाडी चालू करायचीय."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मीरा भिंतीला अजूनच चिकटली. "काकू, मी कशी?"

"मग कोण? माझे गुडघे धरलेत. मला चढता येत न्हाई," माय म्हणाली आणि जाऊन तिच्या हाताला धरून तिला घेऊन आली. सकाळीच माय त्याच गाडीत चढून आतून काचा पुसत होती, हे मी पाहिलं होतं.

मीरा सीटवर बसली. तिनं चावी अर्धी फिरवली आणि समोरच्या काळ्या पट्टीवर लाल, पिवळे सगळे दिवे एकदम पेटले. मीरानं घाबरून हात काढला. बायांत कुणीतरी हळूच देवाचं नाव घेतलं. माय दाराला धरून शांत उभी होती. "भिऊ नको," ती म्हणाली. "गाडी आधी सोताला तपासती. थांब जरा, इझू दे."

एकेक करून दिवे विझत गेले. बॅटरीचा आणि ऑइलचा, असे दोन तेवढे राहिले. मायनं मान हलवली, मीरानं चावी पुढं फिरवली, इंजिन सुरू झालं आणि ते दोनही गेले.